आत दुमडलेली माया

लाँड्रीच्या मागच्या बाजूला, टांगलेल्या कपड्यांच्या रांगेतून वाकून गेलं की तिचं मशीन होतं. पुढे काउंटर, मग वाफेची इस्त्री, मग प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले लोकांचे कोट आणि त्या कोटांच्या पलीकडे ती. गिऱ्हाइकांना ती दिसत नसे, मशीनची खडखड तेवढी ऐकू येई. पँट आखूड कर, बाही वर घे, चेन बदल, वाळलेल्या माणसाचा कोट आत घे, सुटलेल्या माणसाचा बाहेर काढ, असली कामं. कोरा कपडा तिनं कित्येक वर्षांत शिवला नव्हता. पदवी होती तिच्याकडे, मार्कही बरे होते, पण त्या कोपऱ्यात पदवीचा कागद कोण विचारणार? सुई ओवायला डोळे लागतात आणि बसायला पाठ, तेवढं असलं की झालं.

ओठांत सतत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे बोलणं 'हं' आणि 'अंहं' यांच्यातच भागे. इस्त्रीवाल्यानं तिचं नावच टाचणीबाई पाडलं होतं. दुकान दोघांनी मिळून भाड्यानं घेतलेलं.

"टाचणीबाई, आहात ना जिवंत?"

"हं."

"नाही, आवाज थांबला म्हणून विचारलं. भाडं अर्धं-अर्धं आहे, सगळं माझ्यावर पडायला नको."

शिवणकामात शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पुढे पोर वाढलं, अंग भरलं की टाके उसवायचे, माया सोडायची, आणि कपडा पुन्हा अंगाला येतो. तयार कपड्यांच्या कारखान्यांत हल्ली कापड वाचवायला माया ठेवतच नाहीत, आणि तिचा सगळा राग त्यावर. एखादी पँट उलटी करून ती इस्त्रीवाल्यापुढे धरी.

"बघा दादा, बोटभरसुद्धा माया नाही. यात आता हा माणूस मावायचा कसा?"

"बाई, जगात राहिली नाही, पँटीत कुठून येणार?"

तिनं स्वतः मात्र कुठलीच गोष्ट मायेशिवाय केली नाही. नवऱ्याला गाडीची वेळ सांगताना अलीकडची सांगायची. चौघं जेवायला येणार असली तर सहांचं रांधायचं. मुलीला ताप आला तर डॉक्टरांना एक अंश वाढवून सांगायचा, कारण कमी सांगितला तर ते लक्ष देत नाहीत. खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नाही. सगळीकडे थोडं कापड आत ठेवावं, एवढंच.

कर्ज नवऱ्याचं होतं. म्हणजे संसाराचंच, पण सही त्याची. एका मित्राबरोबर त्यानं कॉलेजसमोर झेरॉक्स आणि छपाईचं दुकान काढलं होतं. दोन-तीन वर्षं बरं चाललं, मग मुलं सगळं मोबाईलवरच वाचायला लागली. मित्र एके दिवशी दुसऱ्या शहरात निघून गेला, आणि तेव्हा कळलं की मशिनं मित्राच्या नावावर होती आणि कर्ज याच्या. ते फेडायला यानं दुसरं काढलं, दुसऱ्याचा हप्ता भरायला कार्ड वापरलं. घरात चकार शब्द नाही. वसुलीवाल्यानं शेवटी लाँड्रीच्या फोनवर फोन केला, आणि इस्त्रीवाल्यानं फोनवर हात ठेवून, खालच्या आवाजात, "बाई, तुमच्यासाठी आहे," म्हणून दिला. टाचण्या तोंडातून काढून तिनं तो फोन घेतला.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं सगळे कागद तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "आता तू बघ. माझ्या हातून नाही व्हायचं."

तिनं बघितलं. आदळआपट केली नाही, माहेरी सांगितलं नाही. नवऱ्याला औषधांच्या गोदामात नोंदी करायची नोकरी मिळाली. पगार झाला की तो पाकीट तसंच तिच्या हातात देई आणि बसभाड्यापुरते मागून घेई, एखाद्या शाळकरी पोरासारखा. कर्ज फिटायला किती दिवस लागतील, हे त्यानं एकदाच विचारलं. तिचा हिशेब पाच वर्षांच्या आतला होता. ती म्हणाली, "सहा तर धराच." वेळेआधी फिटलं तर आनंदच आहे, नाही फिटलं तर पुन्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडायला नको.

तो म्हणाला, "सहा तर सहा. फिटेल त्या दिवशी मी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेणार, गरम टॉवेल वगैरे. आणि मग बँकेच्या दारावरून दोनदा जाणार. एकदा इकडून, एकदा तिकडून."

मुलगी तेव्हा शाळेत होती. ती हसली. म्हणाली, "बाबा, आत जाऊन पाणीपण प्या. फुकट असतं."

घराचं वेड बाईचं एकटीचं होतं. लग्नापासून त्यांनी इतकी भाड्याची घरं बदलली होती की कुठल्या घरात नळ कुठे होता हेही आता आठवेना. कधी मालकाचा मुलगा परत येणार असे, कधी भाडं वाढे, कधी नुसतंच 'बघा, दुसरीकडे सोय होते का'. मुलगी लहान असताना प्रत्येक नव्या घरात शिरताना दारात थांबून विचारायची, "हे आपलं की लोकांचं?" पुढे तिनं विचारणं सोडलं. तिला कुठल्याच घरात दार लावता येईल अशी खोली मिळाली नाही. पडवीत, स्वयंपाकघरात, एकदा तर कपाट आडवं लावून केलेल्या आडोशाला ती झोपली, तिथंच वाढली, तिथंच अभ्यास केला. पोर मोठी होत होती. आज ना उद्या शिकायला, नोकरीला, नाहीतर लग्न होऊन जाणार. ती घरात असेतो तिला तिची खोली द्यायची, मग ती दोन वर्षं का राहीना. बाईच्या जिवाला घोर होता तो एवढाच. घर पाहावं बांधून म्हणतात. तिला बांधायचंही नव्हतं, गावाबाहेर उठणाऱ्या इमारतींत दोन खोल्या आणि एक लहान खोली, बस.

म्हणून पोटाला चिमटे बसले. रात्रीचे दिवे एका खोलीत. सुट्टीत कुठे जाणं नाही. नवऱ्याच्या एकुलत्या एका कोटाची कॉलर तिनं उलटवून लावली, पुढे बाह्यांचे काठ बदलले. शाळांचे गणवेश यायचे त्या महिन्यांत ती जेवणाचा डबा मशीनवरच खायची. मुलीची एक दाढ किडली होती. डॉक्टरांनी आकडा सांगितल्यावर मुलगीच म्हणाली, "आई, दुसऱ्या बाजूनं चावते ना मी, काय बिघडलं? दोन बाजू कशाला दिल्यात देवानं?"

आणि कर्ज फिटलं. जादा कामाचा सगळा पैसा त्यातच टाकल्यामुळे तिच्या हिशेबाच्याही आधी फिटलं. बँकेतल्या माणसानं कागदावर शिक्का मारून तिच्याकडे सरकवला. "झालं, बाई," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागला.

घरी जाऊन सांगायचंच होतं तिला. पण त्याच संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "गोदामातला आपला तो वजनकाट्यावरचा माणूस आहे ना, बायको आजारी आहे त्याची. हात मोकळा असता तर थोडे दिले असते." तो मनापासून म्हणाला. त्याचा हात तसाच होता, पाणी धरलं तरी निसटावं असा, आणि मनानं तो चांगला होता हीच तर पंचाईत. तिनं घास गिळला आणि तोंडात टाचण्या असल्यासारखी गप्प राहिली. घराचं बुकिंग होईपर्यंत थांबू, मग दोन्ही एकदमच सांगू. पाच-सहा महिन्यांचा तर प्रश्न होता.

हप्ता दर महिन्याला तसाच निघत राहिला. फक्त कर्जात न जाता, तिनं घरासाठी उघडलेल्या खात्यात जाऊ लागला.

पाच-सहा महिन्यांनी इमारतवाल्यांनी भाव वाढवला. मग आणखी थोडे महिने. एका रविवारी ती एकटीच जाऊन जागा बघून आली. टाय लावलेल्या माणसानं तिला अर्धवट भिंतींमधून फिरवलं. लहान खोलीच्या खिडकीला चौकट बसली होती, काच नव्हती. पिशवीतली टेप काढून तिनं खिडकी मोजली.

"मॅडम, आधी बुकिंग करा, मग पडदे," टायवाला हसत म्हणाला.

"पडदेच सोपे आहेत हो," ती म्हणाली.

मुलीचं कॉलेज संपत आलं होतं. ज्या लहान मुलांना बोलायला जमत नाही, शब्द फुटत नाहीत, त्यांना बोलायला शिकवण्याचा अभ्यासक्रम तिला करायचा होता. कॉलेजातल्या मॅडमनी तिला तसल्या एका शाळेत नेलं होतं, तेव्हापासून तिचं तेच चाललेलं. जीभ कुठे लावली की कुठलं अक्षर येतं, हे ती आईच्या तोंडात बोट घालून दाखवायची. आईच्या मनात गणित पक्कं होतं. बुकिंग झालं की कर्ज फिटल्याचं सांगायचं आणि मग फीचं बघायचं. प्रवेशाला अजून वेळ असेल. वेळ किती आहे हे तिनं मुलीला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

एका संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "मला नोकरी लागली."

दोघांचे हात थांबले. दुसऱ्या शहरातली एक मोठी कंपनी होती, लोक घरबसल्या सामान मागवतात तसली. तक्रारी ऐकायच्या, उत्तरं द्यायची. राहायची सोय कंपनीची, एका खोलीत चौघी. करार दोन वर्षांचा, मध्ये सोडली तर दंड. मुलगी हे सगळं एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं.

"आणि तुझा तो कोर्स?" आईनं विचारलं.

"बघू नंतर. तो कुठे पळून चाललाय?" मुलीनं भाजी वाढून घेतली. "आई, अर्धा हप्ता आता माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही. बाबा, तुम्ही न्हाव्याकडे लवकर जाल."

बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आईनं त्या वेळी सांगायला हवं होतं. तिनं पाणी आणायला म्हणून उठून भांडं भरलं आणि ओट्याशी उभं राहून स्वतःच पिऊन टाकलं. मुलीनं मनानंच ठरवलंय, तिला नोकरीच आवडली असेल, तरुण पोरांची मनं काय, आज हे उद्या ते. असली समजूत घालत तिनं आठवडा काढला.

मग मॅडम लाँड्रीत आल्या. पँटची उंची कमी करायची होती. कुणाच्या आईकडे आलोय हे त्यांना माहीत होतं. त्या मागे आल्या, स्टुलावर उभ्या राहिल्या, आणि ती खाली गुडघ्यांवर बसून काठाला टाचण्या लावू लागली.

"फार वाईट वाटलं हो मला," मॅडम वरून म्हणाल्या. "एवढ्या मुलांतून त्या कोर्सला जागा मिळाली होती तिला. दोनदा सांगून बघितलं, थोडं थांबवून ठेवते म्हटलं. म्हणाली, घरी कर्ज आहे अजून, आईनं किती दिवस एकटीनं ओढायचं. आता मागच्या नंबरवालीला दिली ती जागा. काय बोलणार? गुणी मुलगी आहे तुमची."

"हं," ती म्हणाली. टाचण्या ओठांत होत्या. दुसऱ्या पायाचा काठ वाकडा दुमडला गेला आणि तिला तो पुन्हा करावा लागला.

मॅडम गेल्यावर मशीन सुरू झालं नाही. इस्त्रीवाल्यानं वाट पाहिली, मग कोट बाजूला सारून डोकावला. "काय हो?"

"दादा, एखादं कापड कापून झालं, आणि मग कळलं की माप चुकलंय. काय करायचं?"

"गिऱ्हाइकाला सांगायचं. दुसरं काय? त्याला कळायच्या आधी सांगायचं."

तिनं घरी जाऊन सांगितलं. दिवा लागायची वेळ होती. मुलगी बॅग भरत होती, नवरा जुनं वर्तमानपत्र बघत होता. तिनं दोघांना समोर बसवलं, आणि कर्ज फिटून कितीतरी महिने झाले हे एका वाक्यात सांगून टाकलं. का, कशासाठी, हे नंतर सांगितलं, आणि ते ऐकायला तोवर कुणी उरलं नव्हतं असं तिला वाटलं.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकेक टाका उसवावा तसं विचारत गेली. "मी सहलीला नाही गेले, तेव्हा फिटलं होतं?"

"हो."

"दाढेला सूज आली होती, तेव्हा?"

"हो गं."

"आणि मॅडमना नाही म्हणून सांगून आले, तेव्हा तर होतंच." तिनं हातातल्या शर्टाची घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "कुणासाठी ठेवत होतीस तू?"

"तुझ्यासाठीच. तुला खोली हवी म्हणून. बुकिंगला थोडेच राहिलेत आता. ते राहू दे. आपण दंड भरू, करार मोडू, तू जा तुझ्या कोर्सला."

"जागा गेली, आई. करार मोडून मी कुठे जाऊ? या खोलीत बसू?" मग आवाज न चढवता म्हणाली, "कपड्यात ठेवतेस ना तू माया, ती अंग वाढल्यावर सोडायची म्हणून. माझी कधी सोडणार होतीस? कपडा अंगात जाईनासा झाल्यावर?"



 नवऱ्याचा पैशावरून आवाज चढवायचा हक्क केव्हाच गेला होता, आणि तो ते विसरत नसे. मुलगी आत गेल्यावर तो वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "पैसे कुठं ठेवलेस, का ठेवलेस, ते तुझं बरोबरच असेल. पण मला सांगायचं होतंस. मी काही ते घेऊन पळालो नसतो. एक दिवस नुसता फिरून आलो असतो मोकळा."

"मग आता जा ना. उद्या जा न्हाव्याकडे."

"आता कशाला?" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखी घरीच दाढी केली, थंड पाण्यानं.

मुलगी ठरल्या दिवशी गेली. रुसून गेली नाही, आईच्या गळ्यात पडून गेली, डबा घेतला, खिडकीतून हात हलवला. दंड भरायचं आईनं पुन्हा दोनदा काढलं. ती म्हणाली, "मी विचार करून सही केली होती, आई. तुझ्या हिशेबानं का होईना."

बुकिंग झालं. उरलेल्या रकमेसाठी नवं कर्ज काढावं लागलं, या वेळी दोघांच्या सह्यांनी. भिंतींना काय रंग हवा म्हणून इमारतवाल्यांनी विचारलं, तेव्हा लहान खोलीचा रंग तिनं मुलीला फोनवर विचारला. मुलगी म्हणाली, "कुठलाही द्या. तुम्हाला आवडेल तो. शिलाईचं मशीन तिकडे ठेव ना, उजेड चांगला असेल." आई म्हणाली, "छे गं, तुझी खोली ती." यावर पलीकडून नुसतं "बरं" आलं.

पहिल्या पगारापासून मुलगी पैसे पाठवू लागली. अर्धा हप्ता म्हणाली होती, तेवढे, एकही दिवस इकडचा तिकडे नाही. नको म्हटलं तरी येत. ते आले की आई हिशेब मांडून बसे. पगार एवढा, त्यातून हे गेले, मग जेवणाला काय, प्रवासाला काय, आजारपणाला काय? तिच्या बेरजेत पोरीच्या ताटात फारसं काही उरत नसे. रविवारी फोन आला की ती आडून आडून विचारी.

"जेवतेस ना नीट?"

"हो गं. इथलं जेवण मस्त असतं. वजन वाढलंय माझं."

"आणि पैसे पुरतात?"

"पुरतात म्हणजे? उरतात."

"त्या खोलीतल्या मुली?"

"छान आहेत. सगळं छान आहे, आई. तू काळजी नको करूस."

आवाज स्वच्छ होता, हसरा होता, कुठे अडखळत नव्हता. आई फोन कानाला धरून पलीकडचे बाकीचे आवाज ऐकायचा प्रयत्न करी. भांड्यांचा येतोय का, मैत्रिणींचा येतोय का, की पोर कुठेतरी जिन्यात एकटी उभी राहून बोलतेय? काही कळत नसे. पूर्वी पडवीत झोपलेल्या पोरीनं कूस बदलली तरी हिला आत कळायचं, झोप लागलीय की नाही ते. आता ती जे सांगेल तेच खरं मानायचं, आणि तिचं सांगणं खरं मानायचं कसं, हे काही केल्या जमत नव्हतं.

फोन ठेवला की नवरा दारातून विचारी, "काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली."

"म्हणजे बरी आहे ना?"

"तशी म्हणाली," ती सांगे, आणि तो थोडा वेळ तिथंच थांबून मग परत जाई.